छेदिका : एक रेषा, एक गुणोत्तर, एक शब्द

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाटक, कादंबरी असे विषय यावेत, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. त्या मालिकेत त्रिकोणमितीतील एका शब्दाला स्थान मिळावे याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु शब्द हा जसा कवीचा तसाच गणितज्ञाचाही आहे. कवीच्या शब्दामागे प्रतिमा असते. गणितज्ञाच्या शब्दामागे आकृती असते. प्रतिमा हरवली की कविता पाठांतरापुरती उरते, आणि आकृती हरवली की गणितही पाठांतरापुरतेच उरते. आजच्या विवेचनाचा विषय असलेला शब्द, इंग्रजीत 'सीकंट' आणि मराठीत 'छेदिका', हा या दुसऱ्या प्रकारच्या हरवण्याचा बोलका दाखला आहे.

शाळेत जाणाऱ्या मुलाला हा शब्द दोनदा भेटतो. भूमितीच्या तासाला त्याला सांगितले जाते की, वर्तुळाला दोन बिंदूंत छेदणारी रेषा ती वृत्तछेदिका आणि वर्तुळाला एकाच बिंदूत स्पर्श करणारी रेषा ती स्पर्शिका. येथवर सारे स्वच्छ असते, कारण नाव आणि रूप यांत अंतर नाही. पुढे त्रिकोणमितीच्या तासाला 'सेक' नावाचे एक गुणोत्तर येते. काटकोन त्रिकोणातील कर्णाला कोनालगतच्या बाजूने भागले की 'सेक' मिळतो. तो 'कॉस'चा व्यस्त होय. मूल हे पाठ करते. पण येथे छेदले काय जाते, आणि कोणी छेदायचे, हा प्रश्न ते विचारीत नाही. विचारलाच तर उत्तर सहसा मिळत नाही. एक रेषा आहे, दुसरी नुसती संख्या आहे. मग दोघांचे नाव एकच का? हा योगायोग आहे, की दोन्ही वस्तू मुळात एकच आहेत?

उत्तरासाठी एक साधी आकृती मनाशी काढावी लागेल. 'म' हा मध्य धरून एकक त्रिज्येचे वर्तुळ काढावे. मध्यापासून उजवीकडे एक आडवी त्रिज्या काढावी. ती वर्तुळाला मिळते तो बिंदू 'अ'. या 'अ' बिंदूतून वर्तुळाला स्पर्श करणारी उभी रेषा काढावी, ही स्पर्शिका. आता 'म' पासून, आडव्या त्रिज्येशी इष्ट कोन करणारी दुसरी रेषा निघू द्यावी. ही रेषा वर्तुळाला 'प' बिंदूत छेदून बाहेर पडते आणि पुढे जाऊन उभ्या स्पर्शिकेला 'ट' बिंदूत मिळते. बस्स, आकृती पूर्ण झाली. स्पर्शिकेवर 'अ' पासून 'ट' पर्यंत जो तुकडा कापला गेला त्याची लांबी म्हणजे त्या कोनाचा 'टॅन्जंट'. वर्तुळ छेदून जाणाऱ्या रेषेवर 'म' पासून 'ट' पर्यंतची लांबी म्हणजे त्या कोनाचा 'सीकंट'. लॅटिन भाषेत एका नावाचा अर्थ 'स्पर्श करणारी' आणि दुसऱ्याचा 'छेदणारी' असा आहे. दोन्ही नावे शब्दशः खरी आहेत.

ही आकृती डोळ्यांपुढे असली की ज्या गोष्टी एरव्ही पाठ कराव्या लागतात त्या दिसू लागतात. कोन शून्य असेल तर 'ट' आणि 'अ' एकच, म्हणून 'सेक'ची किंमत १. कोन ४५ अंशांचा झाला की ती सुमारे १.४१४, आणि ६० अंशांचा झाला की बरोबर २. कोन ९० अंशांकडे सरकू लागला की छेदिका स्पर्शिकेला अधिकाधिक दूर जाऊन भेटते, आणि ९० अंशांवर दोन्ही रेषा समांतर होऊन भेट होतच नाही. म्हणून तेथे 'सेक'ला किंमत नाही. शून्यापासून ९० अंशांपर्यंतच्या कोनाचा 'सेक' एकाहून कमी का नसतो? कारण स्पर्शबिंदू सोडला तर स्पर्शिका सर्वस्वी वर्तुळाबाहेर असते, आणि तिच्यापर्यंत पोहोचायचे तर मध्यापासून किमान एक त्रिज्येचे अंतर तोडावेच लागते.

आणखी एक जुनी तक्रार येथेच मिटते. 'सेक' हा 'कॉस'चा व्यस्त आणि 'कोसेक' हा 'साइन'चा व्यस्त, ही अदलाबदल विद्यार्थ्यांना नेहमी चकवते. 'को' ला 'को' जुळत नाही म्हणून ते हैराण होतात. वस्तुतः हा 'को' व्यस्ताचा सूचक नाही, कोटिकोनाचा आहे. दिलेल्या कोनाला ९० अंश पुरे करण्यास जो कोन लागतो त्याचा 'सेक' म्हणजे 'कोसेक'. नावे आकृतीवरून पडली. व्यस्ताच्या नात्यावरून ती पडली नाहीत.

आता मूळ प्रश्न. भूमितीतील छेदिका आणि त्रिकोणमितीतील छेदिका यांचा संबंध केवळ नावापुरता आहे काय? युक्लिडच्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात ३६वे प्रमेय आहे. वर्तुळाबाहेरील एका बिंदूतून एक स्पर्शिका आणि एक छेदिका काढली, तर स्पर्शिकेच्या लांबीचा वर्ग हा संपूर्ण छेदिका आणि तिचा वर्तुळाबाहेरील भाग यांच्या गुणाकाराइतका असतो. आपल्या आकृतीतील 'ट' हा असाच बाहेरचा बिंदू आहे. त्यातून निघालेली स्पर्शिका 'टअ' ही कोनाचा टॅन्जंट आहे. छेदिकेचा बाहेरील भाग 'टप' हा 'सेक' उणे १ इतका, आणि तीच रेषा मध्यातून पलीकडच्या काठापर्यंत नेली तर संपूर्ण छेदिका 'सेक' अधिक १ इतकी. दोघांचा गुणाकार म्हणजे 'सेक'चा वर्ग उणे १. हा टॅन्जंटच्या वर्गाइतका आहे असे युक्लिडचे प्रमेय सांगते. त्रिकोणमितीच्या पुस्तकात स्वतंत्र सूत्र म्हणून पाठ करावयाची जी नित्य समानता, तीच ही! ६० अंशांच्या कोनासाठी ताळा पाहावा : बाहेरील भाग १, संपूर्ण छेदिका ३, गुणाकार ३, आणि टॅन्जंट म्हणजे ३चे वर्गमूळ. एकाच विषयाच्या दोन तासांना शिकवली जाणारी दोन प्रमेये एकाच आकृतीची दोन वाचने आहेत.

ही आकृती युरोपातून आली आणि आपण ती फक्त उचलली, असे मात्र नाही. आपल्याकडे ती वर्तुळाच्या रूपाने नव्हे, तर अंगणात रोवलेल्या काठीच्या रूपाने होती. सूर्यसिद्धान्तात आणि त्या परंपरेतील ग्रंथांत १२ अंगुळांचा शंकू सपाट भूमीवर उभा करून त्याच्या छायेवरून काळ, दिशा आणि स्थळाचे अक्षांश काढण्याची रीत सांगितली आहे. उभा शंकू, भूमीवरची छाया आणि शंकूच्या टोकापासून छायेच्या टोकापर्यंतची तिरपी रेषा, असा काटकोन त्रिकोण तेथे तयार होतो. या तिरप्या रेषेला 'छायाकर्ण' असे नाव आहे. छायेला १२ने भागले की सूर्याच्या नतांशांचा टॅन्जंट मिळतो. छायाकर्णाला १२ने भागले की त्याच नतांशांचा सीकंट मिळतो. विषुवदिनी माध्यान्ही पडणाऱ्या छायेला 'पलभा' म्हणतात आणि त्या वेळच्या कर्णाला 'पलकर्ण'. त्या दिवशी माध्यान्हीचे नतांश स्थळाच्या अक्षांशाइतके असल्यामुळे, पलकर्ण म्हणजे १२ने गुणलेला अक्षांशाचा सीकंट होय. शंकूचे टोक 'म' आणि त्याचे मूळ 'अ' असे मानले, की भूमी हीच स्पर्शिका ठरते आणि सूर्यकिरण ही छेदिका.

इंदूर आणि ग्वाल्हेरकडील मराठी माणसाला याचे प्रत्यक्ष दर्शन घ्यावयाचे तर उज्जयिनीला जावे. भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा याच नगरीतून जाते असे आपले ग्रंथकार मानीत आले. तेथे सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात वेधशाळा उभारली. पुढे ती मोडकळीस आली. ग्वाल्हेर संस्थानचे अधिपती माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने १९२३ साली तिचा जीर्णोद्धार झाला आणि गोविंद सदाशिव आपटे हे मराठी ज्योतिर्विद तिचे अधीक्षक झाले. तेथील शंकुयंत्र त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९३७ साली सिद्ध झाले. उज्जयिनीचे अक्षांश २३ अंश ११ कला. १२ अंगुळांच्या शंकूची पलभा तेथे सुमारे ५.१४ अंगुळे येते आणि पलकर्ण सुमारे १३.०५ अंगुळे. स्थूलमानाने ५, १२ आणि १३! पूर्णांक बाजूंचा हा प्रसिद्ध काटकोन त्रिकोण उज्जयिनीच्या भूमीवर सूर्य जवळजवळ स्वहस्ते रेखाटतो. युक्लिडचे प्रमेय याच आकड्यांना लावून पाहावे. त्रिज्या १२, कर्ण १३. बाहेरील भाग १, संपूर्ण छेदिका २५. गुणाकार २५, म्हणजे ५चा वर्ग. ज्या जयसिंहाने ही वेधशाळा बांधली त्याच्याच आश्रयाला असलेल्या जगन्नाथ पंडिताने युक्लिडचा ग्रंथ अरबीवरून 'रेखागणित' या नावाने संस्कृतात आणला, हेही येथे स्मरणात ठेवण्यासारखे आहे.

महाराष्ट्रातील पंचांगकर्त्यांनी ही पलभा शतकानुशतके सांभाळली. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांचा 'ग्रहलाघव' हा ग्रंथ शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२०च्या सुमाराचा. ज्या आणि चाप यांच्या किचकट गणिताला फाटा देऊन ग्रहगणित करण्याबद्दल तो प्रसिद्ध आहे. त्यातही पलभेला १०, ८ आणि १०चा तृतीयांश यांनी गुणून चरखंडे काढण्याची रीत आहेच. गावच्या जोशाच्या हातात कोष्टक नसे. पण गावची पलभा, म्हणजे १२ने गुणलेला अक्षांशाचा टॅन्जंट, त्याला मुखोद्गत असे. ग्रहलाघव, त्याचा कर्ता आणि ही सारी परंपरा यांचा साक्षेपी इतिहास शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी आपल्या भारतीय ज्योतिषावरील ग्रंथात १८९६ साली मराठीत लिहून ठेवला आहे, ही मराठी ग्रंथसंपदेला भूषणावह अशी गोष्ट आहे.

या सर्व संज्ञांचा प्रवास त्यांच्या अर्थाइतकाच मनोवेधक आहे. 'ज्या' म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य, म्हणून तो 'चाप'. आणि दोरीच्या मध्यापासून कमानीपर्यंतचा भाग हा 'शर'. आर्यभटाने इसवी सन ४९९च्या सुमारास २४ ज्यांचे कोष्टक दिले, ते ३ अंश ४५ कलांच्या अंतराने. आपण रोज उच्चारतो तो 'त्रिज्या' हा शब्दही याच कुळातला आहे : तीन राशींची, म्हणजे ९० अंशांची ज्या ती त्रिज्या. 'ज्या'चाच पर्याय 'जीवा'. हा शब्द अरबीत 'जीब' झाला. अरबी लेखनात ऱ्हस्व स्वर लिहिले जात नसल्याने पुढे तो 'जैब' असा वाचला गेला. जैब म्हणजे वस्त्राचा घोळ, खिसा. बाराव्या शतकातील लॅटिन अनुवादकांनी त्याचे प्रामाणिकपणे भाषांतर केले 'सायनस', आणि त्यावरून 'साइन' आला. अशा रीतीने धनुष्याच्या दोरीचा खिसा झाला, आणि जगभरची मुले 'साइन' म्हणताना आपण कशाचे नाव घेतो आहोत हे जाणेनाशी झाली.

छेदिकेचे नशीब याहून बरे. दहाव्या शतकात बगदादच्या अबुल वफा याने या राशीचा विचार केला तेव्हा त्याच्यापुढेही शंकू आणि छाया हीच आकृती होती. त्याच्या भाषेतील नाव 'छायेचा कर्ण' अशाच अर्थाचे आहे. युरोपात ऱ्हेटिकस याने १५५१ साली सहाही राशींची कोष्टके प्रसिद्ध केली. 'टॅन्जंट' आणि 'सीकंट' ही नावे मात्र थॉमस फिंके या डॅनिश गणितज्ञाने १५८३ साली आपल्या वर्तुळविषयक ग्रंथात रूढ केली. त्या वेळी तो अवघा बावीस वर्षांचा होता. व्हिएत या थोर फ्रेंच गणितज्ञाला ही नावे रुचली नाहीत. भूमितीत हेच शब्द आधीपासून दुसऱ्या अर्थाने वापरात आहेत, घोटाळा होईल, असा त्याचा आक्षेप होता. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. आजच्या मुलाचा गोंधळ व्हिएतने चारशे वर्षांपूर्वी ताडला होता. परंतु फिंकेची नावे टिकली, कारण ती डोळ्यांना दिसत होती.

आणि ही राशी केवळ पुस्तकात राहिली नाही. मर्केटरने १५६९ साली खलाशांसाठी जगाचा नकाशा काढला. पृथ्वीच्या गोलावर विषुववृत्तापासून जसजसे वर जावे तसतशी अक्षवृत्ते लहान होत जातात; नकाशावर मात्र ती सर्व सारख्याच लांबीची काढलेली. म्हणजे प्रत्येक अक्षवृत्त त्याच्या अक्षांशाच्या सीकंटाइतके ताणले गेले. होकायंत्राची दिशा खरी राहावयाची तर उत्तर-दक्षिण अंतरेही तितक्याच पटीने ताणली पाहिजेत. हे गणित एडवर्ड राइट या इंग्रज विद्वानाने १५९९ साली लहान लहान अंतरांवरील सीकंटांच्या बेरजा करून मांडले, आणि त्या बेरजेचे नेमके सूत्र जेम्स ग्रेगरी याने १६६८ साली सिद्ध केले. उज्जयिनीच्या अक्षांशावर हा ताण जेमतेम १.०९ पट, परंतु ६० अंशांवर तो दुप्पट, आणि क्षेत्रफळ चौपट. शाळेच्या भिंतीवरील अशा नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे. उत्तरेकडील देशांची ही फुगलेली रूपे पिढ्यान्पिढ्या मनावर ठसली. तो सारा छेदिकेचा प्रताप आहे.

मग आकृती हरवली कशी? १७४८ साली ऑयलरने या राशींना रेषा न मानता संख्या मानले. गणिताच्या प्रगतीच्या दृष्टीने हे पाऊल फार मोलाचे होते. त्यावाचून पुढचे कलनशास्त्र सुलभ झालेच नसते. पुढे शालेय पुस्तकांनीही वर्तुळ बाजूला ठेवून काटकोन त्रिकोणातील गुणोत्तरे हीच व्याख्या स्वीकारली. व्याख्या बदलली, नावे तीच राहिली. घर पाडले तरी दारावरची पाटी तशीच लटकत राहावी, तसे हे झाले.

येथेच भाषेचा प्रश्न उभा राहतो, आणि तो मराठी वाचकांच्या जिव्हाळ्याचा आहे. संज्ञा घडविण्याचे दोन मार्ग आहेत. एक मार्ग कृतीवरून नाव देण्याचा. हिंदी पारिभाषिक कोशांत 'सेक'ला 'व्युकोज्या' असा शब्द आहे : कोटिज्येचा व्युत्क्रम तो व्युकोज्या. हा शब्द तर्कशुद्ध आहे, पण त्यात आकृती नाही. दुसरा मार्ग रूपावरून नाव देण्याचा. एकोणिसाव्या शतकात संस्कृतातून आणि देशी भाषांतून नवी त्रिकोणमिती लिहिणाऱ्यांनी 'स्पर्शरेखा' आणि 'छेदनरेखा' अशी नावे योजली होती. मराठीने भूमितीत 'स्पर्शिका' आणि 'छेदिका' असे त्याहून सुटसुटीत शब्द रुळवले, परंतु त्रिकोणमितीत पाऊल ठेवताच ते सोडून दिले आणि नुसत्या 'सेक' या तोडक्या उच्चारावर समाधान मानले. चिन्ह आंतरराष्ट्रीय असावे, हे मान्यच केले पाहिजे. पण चिन्हाचा अर्थ मुलाच्या भाषेत सांगण्याला कोणाची आडकाठी आहे?

मराठीची शब्दसंपत्ती या बाबतीत मुळीच दुबळी नाही. 'छिद्' या एका धातूपासून छेद, छिद्र, विच्छेद, उच्छेद असे कितीतरी शब्द आले. लिखाणाचा तोडलेला भाग तो 'परिच्छेद'. इंग्रजीतील 'सेक्शन' आणि 'सीकंट' हे शब्दही कापणे याच अर्थाच्या एका लॅटिन धातूपासून आले आहेत. दोन दूरच्या भाषांनी एकाच प्रतिमेवर घर बांधले, ते असे. अपूर्णांकातील खालच्या संख्येला आपण 'छेद'च म्हणतो. आणि अंशस्थानी १ व छेदस्थानी 'कॉस' ठेवला की मिळतो तो 'सेक'! अर्थात हा निव्वळ योगायोग आहे. पण स्मरणाला साहाय्य करणारा योगायोग शिक्षकाने वाया का घालवावा?

चाळीसगावजवळील पाटण येथे शके ११२८चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून तेथे मठ स्थापन केला, त्याचा तो लेख. त्याचा काही भाग त्या काळच्या मराठीत आहे. 'लीलावती'तील वाऱ्याने कललेल्या कमळाचे उदाहरण अशाच मठांतून शिकवले गेले असेल. पाण्यावर अर्धा हात असलेले कमळ दोन हात दूर जाऊन बुडते. तर पाण्याची खोली किती? उत्तर पावणेचार हात. कमळाचा देठ सव्वाचार हात. म्हणजे कललेल्या देठाला खोलीने भागले तर १७ भागिले १५, हा कमळ ज्या कोनाने कलले त्याचाच सीकंट! तेव्हा ही संज्ञा नव्हती, पण कमळ होते, तळे होते, आकृती होती. आज संज्ञा आहे. आकृती परत आणावयाची आहे.

हे काम शाळेइतकेच ग्रंथालयाचे आहे. पाठ्यपुस्तक दर काही वर्षांनी बदलते आणि जुने रद्दीत जाते. ते रद्दीत जाण्यापासून वाचते ते ग्रंथालयाच्या कपाटात. जुनी भूमितीची पुस्तके, पंचांगे, दीक्षितांच्या इतिहासासारखे ग्रंथ यांची मागणी वहीत क्वचितच नोंदली जात असेल. पण शब्दांच्या हरवलेल्या आकृती तेथेच मिळतात. महाराष्ट्राबाहेर राहून शंभर वर्षे मराठी ग्रंथ सांभाळणाऱ्या संस्थेला हे वेगळे सांगावयास नको. जेथे भाषा रस्त्यावर ऐकू येत नाही तेथे ती कपाटातून काढून मुलांच्या हाती द्यावी लागते, आणि देताना शब्दाबरोबर त्याचा अर्थही द्यावा लागतो. सभासदांपैकी कोणी आपल्या नातवंडाला गणित सांगावयास बसले, तर त्यांनी सूत्राआधी एक वर्तुळ काढावे, त्याला एक स्पर्शिका काढावी, मध्यातून एक छेदिका जाऊ द्यावी, आणि तिला तिच्या मराठी नावाने हाक मारावी. एवढी विनंती करून हे विवेचन येथे पुरे करणे उचित होईल.